पावसाळ्यात कुत्र्याला लूत लागली, घरचे जळकं ऑइल लावायचं म्हणतात. काय करू?

शिवारातली
नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरच्या पुढं, लोंढ्याच्या वाटेवर राहतो. घरी दोन कुत्री. काळू गावठी, चांगला थोराड, गोठ्याच्या दारात असतो. दुसरी राणी, मुधोळ क्रॉस, अजून वर्षाची झाली नाही. पाऊस लागल्यापासून काळूच्या कानांच्या कडा जाड आणि खरबरीत झाल्यात, कोपरावरचे केस गेलेत, पोटावर लाल पुरळ आहे. रात्रभर खाजवत असतो, घरात कुणाला झोप नाही. राणीला खाज अजिबात नाही, पण डोळ्याभोवती आणि ओठाच्या कडेला केस जाऊन चट्टे पडलेत.

दीर म्हणतात ट्रॅक्टरचं जळकं ऑइल चोपडा, गावात सगळे हेच करतात. सासूबाई म्हणतात लुतीचं कुत्रं दारात नको, लांब सोडून या. माझ्या धाकट्या मुलाच्या पोटावर आणि दंडावर बारीक पुरळ उठलंय, त्यामुळं त्यांची काळजी मला कळते. पण ऑइल मला लावू द्यायचं नाही आणि सोडायचं तर नाहीच नाही. जवळच्या पशू दवाखान्यात डॉक्टर रोज नसतात. तोवर काय करावं?

हिंडलगा_एक्स्प्रेस
ऑइल नको म्हणजे नको. बाकी जाणकार सांगतीलच.

निपाणीकर_तात्या
ताई, ऑइल नको हे बरोबर. खरं आमच्याकडं तंबाखूचं पाणी लावत्यात. वखारीतला चुरा रात्रभर भिजत घालायचा आणि सकाळी त्या पाण्यानं कुत्रं धुवायचं. गोचीड पटापटा गळती, मी डोळ्यानं बघितलंय. निपाणीत तंबाखूला काय तोटा नाही.

कुंद्याशिवाय_नाही
तात्या, तंबाखू चंचीतच राहू द्या की. कुत्र्याला व्यसन लावूलाय होय?

पशुवैद्य_चिकोडी
तात्या, गोचीड गळते हे खरं आहे, कारण निकोटिन हे कीटकनाशकच आहे. पण ते कातडीतून कुत्र्याच्या रक्तातही जातं, आणि ओलं अंग कुत्रं चाटतंच. लाळ गळणं, उलट्या, थरथर, मग झटके. लुतीनं कातडी फुटलेली असली तर विष आणखी लवकर शोषलं जातं. तुमच्या भागातून असं कुत्रं टेबलावर आलेलं मी पाहिलंय, म्हणून कळकळीनं सांगतो, नका करू.

जळक्या ऑइलचंही तेच. इंजिनातून निघालेल्या ऑइलमध्ये धातूचे कण आणि जळलेले पेट्रोलियम पदार्थ असतात. कातडी भाजते, चाटलेलं पोटात जातं, लिव्हर आणि किडनीवर ताण येतो. रॉकेल, फिनेल, बॅटरीचं पाणी, सगळं एकाच माळेतलं.

आता ताई, तुमच्या कुत्र्यांबद्दल. न बघता निदान करत नाही, पण तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिलीत की एक गोष्ट सांगता येते: या दोघांना बहुधा एकच आजार नाही. आपल्याकडं केस गेले की सगळ्याला लूतच म्हणतात.

काळूचं वर्णन खरजेच्या किड्याकडं, म्हणजे सारकॉप्टिसकडं बोट दाखवतं. हा डोळ्याला न दिसणारा गोल किडा. मादी कातडीत बोगदा करून आत अंडी घालते. कानाच्या कडा, कोपर, पायाचं ढोपर, पोट या कमी केसांच्या जागा त्याला आवडतात. खाज भयंकर. घरी एक चाचणी करून बघा: त्याच्या कानाची कड दुमडून तिथंच अंगठा आणि बोटात धरून घासा. त्याच बाजूचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलायला लागला तर खरजेचा संशय बळावतो. नाही हलला म्हणून खरूज नाही असं मात्र नाही.

राणीचं वय, तोंडावरचे चट्टे आणि खाज नसणं हे डेमोडेक्सचं चित्र वाटतं. तो किडा केसांच्या मुळाशी राहतो, दुर्बिणीखाली विडीसारखा लांबट दिसतो. जवळजवळ प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर थोडे असतातच. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत दूध पिताना आईकडून पिलात येतात. एरवी काही करत नाहीत, प्रतिकारशक्ती कमी पडली की वाढतात. हा आजार दुसऱ्या कुत्र्याला लागत नाही, माणसालाही नाही. खरूज मात्र दोघांनाही लागते.

तोवर करायचं ते एवढंच. काळूला वेगळा बांधा. गोणपाट, चादरी उकळत्या पाण्यात धुवून उन्हात टाका, ऊन नसेल तर जुनी गोणपाटं जाळून टाका. मुलाला त्याच्याजवळ झोपू देऊ नका. आणि दवाखान्यात नेईपर्यंत कुठलंही तेल, मलम लावू नका, तपासणीला अडचण होते.

शिवारातली
डॉक्टर, खूप आभार. कान घासून बघितला, पाय लगेच हलायला लागला! दीरांना बोलावून दाखवलं, त्यांनी स्वतः पुन्हा करून बघितलं. मुलाच्या पुरळाचं काय?

पशुवैद्य_चिकोडी
कुत्र्याच्या खरजेचा किडा माणसाच्या अंगावर चावतो, पुरळ येतं, पण त्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं चक्र माणसावर पुरं होत नाही. कुत्रं बरं झालं की काही आठवड्यांत पुरळ आपोआप जातं. तरी मुलाला माणसांच्या डॉक्टरकडं दाखवा. बोटांच्या बेचक्यात पुरळ असेल, घरात आणखी कुणी रात्रीचं खाजवत असेल तर ती माणसांची खरूज असू शकते, तिचं औषध वेगळं आणि ते घरातल्या सगळ्यांनी घ्यायचं असतं.

अनगोळची_मावशी
ताई, मुलाचं पुरळ गोल आहे का ते बघ गं. कडेला लाल, मधे बरं होत आलेलं. माझ्या नातीच्या मानेवर तसं उठलं होतं. रस्त्यावरचं पिल्लू कडेवर घेऊन फिरायची. तो निघाला नायटा. तो किडा नव्हे, बुरशी. पिल्लाच्या डोक्यावर रुपयाएवढे दोन चट्टे होते, केस तुटलेले आणि वर राखाडी कोंडा.

कळकळीची विनंती, मेडिकलमधून आपल्या मनानं ट्यूब आणू नका. खाज, नायटा, गजकर्ण सगळ्यावर चालते म्हणून जी देतात तिच्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, लाली जाते आणि बुरशी आत पसरत राहते. आमच्या गल्लीत एका बाईचा नायटा असाच पाठभर झाला. आमच्या त्वचेच्या डॉक्टरनी साधं बुरशीचं मलम दिलं, चट्टा गेल्यावरही पुढं लावायला सांगितलं. नात बरी, पिल्लू बरं.

पशुवैद्य_चिकोडी
मावशींनी फार महत्त्वाचं लिहिलंय. कुत्र्यामांजरांकडून येणारा नायटा बहुधा मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीचा. तिचे बीजाणू गळलेल्या केसांवर घरात वर्षभराहून जास्त टिकू शकतात. म्हणून नुसतं कुत्र्याला औषध देऊन भागत नाही, केस रोज झाडून काढायचे, झोपायची जागा ब्लीचच्या पाण्यानं पुसायची. काही ठिकाणी निळा जांभळा दिवा लावून तपासतात. त्यात चट्टा हिरवट चमकला तर समजतं, पण या बुरशीचे सगळे प्रकार चमकत नाहीत. चमकलं नाही म्हणून नायटा नाही असं समजायचं नाही.

संकेश्वरी_मिरची
एवढं कशाला? जनावरांच्या औषधाच्या दुकानात आयव्हरमेक्टिन मिळतं. म्हशीला देतो तेच इंजेक्शन, थोडं टोचायचं. आमच्या वस्तीवर सगळे असंच करतात. पशू दवाखान्यात गेलं की अर्धा दिवस जातो, मजुरी बुडते, ते कोण भरून देणार?

कॅम्पातला
मिरची, तुमचा दिवस बुडतो हे खरंच. तरी "थोडं" म्हणजे किती हो?

पशुवैद्य_चिकोडी
नेमका प्रश्न. म्हशीच्या इंजेक्शनात एका मिलीलीटरमध्ये १० मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन असतं. म्हैस चारशे-पाचशे किलोची, तुमचं कुत्रं पंधरा-वीस किलोचं. कुत्र्याला लागणारा डोस मिलीलीटरच्याही लहानशा भागात बसतो. सिरिंजवर अंदाजानं ओढलं की दुप्पट-चौपट सहज जातं. मग कुत्रं आंधळ्यासारखं धडपडतं, तोल जातो, कोमात जातं. कोली आणि तिच्या जातकुळीतल्या कुत्र्यांमध्ये एका जनुकातल्या दोषामुळं हे औषध मेंदूत शिरतं, त्यांना खरजेचा नेहमीचा डोसही जिवावर बेततो. आपल्याकडं कुणाच्या रक्तात काय मिसळलंय हे कुठं माहीत असतं?

औषध मात्र थोर आहे, यात वाद नाही. जपानमधल्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून ते आलं, आणि ओमुरा आणि कॅम्बेल या दोघांना त्यासाठी २०१५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणूनच ते वजन करून, डॉक्टरच्या हातून द्यावं.

अर्धा दिवस जातो याबद्दल: १९६२ वर फोन केला तर फिरत्या पशू दवाखान्याची गाडी येते. ती मुख्यतः गुराढोरांसाठी. तरी गाडी वस्तीवर आली की कुत्रं दाखवून घ्यायला काय हरकत?

संकेश्वरी_मिरची
१९६२ माहीत नव्हतं. पाठ करून ठेवलं. वजनाचं पटलं डॉक्टर.

चंदगडी
मी सीमेच्या अलीकडचा, चंदगडचा, खरं बाजार बेळगावचाच. आमचे आजोबा गंधक आणि करंजाचं तेल लावायचे. कुत्री बरी व्हायची. ते पण चूक म्हणायचं काय?

पशुवैद्य_चिकोडी
नाही, आजोबांच्या हातात खरं औषध होतं. गंधक खरजेच्या किड्यावर आणि बुरशीवरही चालतं, आजही चुना-गंधकाचं तयार द्रावण कुत्र्यांना वापरतात. अडचण प्रमाणाची. घरी केलेलं कधी इतकं कडक होतं की कातडी सोलते, कधी इतकं फिकं की काही होत नाही. वास सहन होत असेल तर तयार द्रावण डॉक्टरला विचारून घ्या.

जांबोटीवाला
आमच्याकडं वेगळीच कथा. लूत नाही, गोचीड. भिंती चिऱ्याच्या, सांध्यात भेगा. कुत्र्याच्या अंगावरच्या वेचून काढतो, दोन दिवसांत परत तेवढ्याच. संध्याकाळी भिंतीवर ओळीनं चढूलाय बघा. आई घाबरली, गोचिडीनं माणसाला माकडताप येतो म्हणते. आमच्यापासून गोव्यातली सत्तरी काही लांब नाही.

रानवारा
भिंतीवर चढतात?? मी आज झोपत नाही.

पशुवैद्य_चिकोडी
जांबोटीवाले, भिंत चढते ती तपकिरी कुत्रागोचीड, तिची सवयच ती. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्यावरून गळते, फटीत जाते, तिथं काही हजार अंडी घालते आणि मरते. पिल्लं, मधली अवस्था, मोठी गोचीड, प्रत्येक वेळी कुत्र्यावर चढतात, पोट भरलं की उतरून परत फटीत. उपाशी महिनोन्‌महिने तग धरतात. अंगावर दिसतात त्यापेक्षा भिंतीत कितीतरी जास्त. म्हणून चिऱ्याचे सांधे सिमेंटनं किंवा चुन्यानं भरून घ्या, भिंतीच्या पायथ्याला औषध मारा, आणि त्याच आठवड्यात कुत्र्यालाही औषध द्या. एक बाजू सोडली तर सगळं वाया.

काढताना बोटानं चिरडू नका. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची.

माकडतापाचं असं: १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. २०१५ मध्ये सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गाकडं रुग्ण सापडले, तेव्हा तुमच्या आईची भीती हवेतली नाही. पण तो पसरवणारी मुख्य गोचीड वेगळी, जंगलातल्या पाचोळ्यातली. घरातल्या भिंतीवरची नव्हे. जंगलात हिंडणारं कुत्रं ती अंगावर घेऊन येऊ शकतं, म्हणून हिवाळा-उन्हाळ्यात जंगलात जाताना अंगभर कपडे घाला आणि परत आल्यावर स्वतःलाही तपासा, कुत्र्यालाही.

भिंतीवरची गोचीड कुत्र्याला वेगळाच आजार देते, ज्याला आपण गोचीडताप म्हणतो. कुत्रं खात नाही, ताप, हिरड्या पांढऱ्या, कधी नाकातून रक्त. रक्त तपासून लवकर औषध सुरू केलं तर वाचतं. चार आठवडे गोळ्या चालतात, मधे बरं दिसलं म्हणून बंद करायच्या नाहीत.

कॅम्पातला
नाकातून रक्त आलेलं आमच्या गल्लीतलं कुत्रं असंच गेलं. उन्हानं घोळाणा फुटला म्हणून लोक डोक्यावर पाणी ओतत बसले. कुणालाच माहीत नव्हतं.

मी कॅम्पात रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालतो. धरता येत नाहीत, अंगावर शॅम्पू लावणं तर लांबच. डॉक्टरच्या सल्ल्यानं फ्लुरालानेरची चघळायची गोळी वजन बघून देतो, कलेजीच्या तुकड्यात घालून. एक गोळी जवळपास बारा आठवडे काम करते, गोचीड, पिसवा आणि खरूज तिन्हीवर. महाग आहे, पण वर्गणी काढतो. अंग उघडं पडलेल्या कुत्रीला दीड-दोन महिन्यांत लव आलेली बघितली की वर्गणी देणारे पुढच्या वेळी स्वतःहून विचारतात.

पशुवैद्य_चिकोडी
छान काम. एकच जोड: ज्या कुत्र्याला पूर्वी फिट्स आल्यात त्याला या गटातली गोळी विचारल्याशिवाय देऊ नका.

मुधोळप्रेमी
राणीसाठी लिहितोय. मी अथणीकडचा, घरात तीन पिढ्या मुधोळ. ही जात किती मानाची हे सांगायला नको. २००५ मध्ये टपाल तिकिटावर आली, आणि मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. पण मागणी वाढल्यापासून मिळेल त्या नर-मादीची जोडी लावतात, भाऊ-बहीणसुद्धा. अंगभर पसरणारा डेमोडेक्स काही घराण्यांत पुन्हा पुन्हा येतो. अशा कुत्र्याची वीण घेऊ नये असं आमच्याकडचे जुने लोक सांगायचे आणि डॉक्टरही हेच सांगतात. तरी बाजारात त्याच मादीची पिल्लं विकली जातात. याचा मला मनापासून राग येतो.

ताई, पिल्लू घेताना आई बघितली होती का?

शिवारातली
नाही दादा, एका धनगराच्या तळावरून आली. आईला तिथं बघितलं, केस चांगले होते.

मुधोळप्रेमी
मग काळजी करू नका. तोंडावरचे मोजके चट्टे वाढत्या वयात बहुतेक वेळा आपोआप भरतात. जंताचं औषध आणि पोटभर खाणं बघा. नुसत्या भाकरी-ताकावर मुधोळ वाढत नाही, अंडी द्या.

कुंद्याशिवाय_नाही
आमच्याकडं भाकरी-ताकावर मी वाढलो की.

मुधोळप्रेमी
तुम्हाला ससा धरायचा नव्हता.

पशुवैद्य_चिकोडी
😀 मुधोळप्रेमींचं बरोबर आहे. आणखी एक: राणीला कुणी खाज बंद करायचं इंजेक्शन म्हणून स्टेरॉइड देऊ नये. डेमोडेक्समध्ये त्यानं प्रतिकारशक्ती दबते आणि चार चट्ट्यांचं अंगभर होतं. कातडी खरवडून दुर्बिणीखाली बघा असा आग्रह धरा. दहा मिनिटांचं काम. पात्यावर तेलाचा थेंब, कातडी चिमटीत दाबून रक्ताची लालसर झाक येईपर्यंत हलकं खरवडायचं. डेमोडेक्स त्यात सहसा सापडतोच. खरजेचा किडा मात्र बऱ्याचदा सापडत नाही, तेव्हा लक्षणांवरूनच उपचार सुरू करतात.

शिवारातली
मंडळी, काल दवाखान्यात जाऊन आलो. दीरांनीच गाडी काढली. राणीच्या नमुन्यात डेमोडेक्स दिसला, डॉक्टरनी मलाही दुर्बिणीतून दाखवला, खरंच लांबडा आहे आणि पाय हलवत होता. चट्टे चारच आहेत, म्हणून त्यासाठी वेगळं औषध न देता महिन्यानं परत या म्हणाले. काळूच्या नमुन्यात काही मिळालं नाही, तरी खरजेचंच औषध सुरू केलं. कातडीवर पू होता, त्यासाठी क्लोरहेक्सिडिनचा शॅम्पू दिलाय. फेस लावून दहा मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग धुवायचं.

मुलाला माणसांच्या डॉक्टरकडं नेलं. गोल चट्टा नाही, बेचक्यात काही नाही. कुत्र्याकडून आलेलं असावं, जाईल म्हणाले. सासूबाई तिथं होत्या, त्यांनी स्वतः ऐकलं. आज सकाळी काळूची गोणपाटं त्यांनीच चुलवणात घातली.

एक विचारायचं राहिलं. राणीला खरूज नाही, मग तिलाही काळूचं औषध का दिलं?

पशुवैद्य_चिकोडी
बरोबर केलं. खरूज असलेल्या कुत्र्याच्या सहवासातल्या सगळ्या कुत्र्यांना औषध द्यावं लागतं, खाज असो वा नसो. अंड्यापासून मोठा किडा व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात, त्यामुळं आज न खाजवणारं कुत्रं पुढच्या पंधरवड्यात खाजवू शकतं. काळूची खाज कमी झाली तरी ठरलेल्या तारखेचा डोस चुकवू नका. पहिले काही दिवस खाज वाढल्यासारखी वाटेल, घाबरू नका.

जांबोटीवाला
सांधे भरायला गवंडी सांगितलाय. गोठ्यात फवारायला दुकानदारानं डेल्टामेथ्रिन दिलंय. घरात मांजर आहे, चालेल काय?

पशुवैद्य_चिकोडी
मांजराला पूर्ण वाळेपर्यंत दुसऱ्या घरी ठेवा. या गटातली औषधं मांजराच्या लिव्हरला पचत नाहीत, ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले तरी थरथर आणि झटके येतात. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं पर्मेथ्रिनचं औषध तर मांजरावर कधीच टाकू नका. गव्हाणी आणि पाण्याची भांडी झाकून घ्या, फवारताना म्हशी बाहेर बांधा, तुम्ही तोंडाला फडकं आणि हातात मोजे घाला. बाटलीवर लिहिलंय त्याहून कडक करू नका.

जांबोटीवाला
मांजर आजच मामाकडं धाडतो. गवंडी सोमवारी येऊलाय, त्यानंतर फवारतो.